जुन्या वळणाचे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सांगलीस आम्ही ज्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो, तेथे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गापुढे एक इंग्रजी प्रवासवर्णन चालले होते. लेखकाने एका खेड्याचे चित्र मोठ्या प्रेमाने रेखाटले होते. दगडी फरशीची अरुंद गल्ली, उतरत्या छपरांची बुटकी घरे, उंबऱ्यावर विणीत बसलेल्या म्हाताऱ्या. आणि या सर्वांस मिळून त्याने एकच विशेषण लाविले होते, 'क्वेंट'. मुलांनी अर्थ विचारला. तीस वर्षे हाच धंदा केल्यामुळे अशा वेळी आमच्या तोंडून उत्तर विचाराच्या आधी बाहेर पडते. आम्ही म्हणालो, "जुन्या वळणाचे, जुने असून मनास मोह घालणारे." मुलांनी ते वह्यांत उतरून घेतले. आम्ही पुढील वाक्याकडे जाणार तोच मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मिरजेच्या पूर्वेकडील एका खेड्यातून ती रोज एस.टी.ने येते, आणि एरवी फारशी बोलत नाही.

"सर, मागच्या महिन्यात मला एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणाले, माणसं चांगली आहेत, फक्त जरा जुन्या वळणाची आहेत. आईनं त्याच दिवशी नकार कळवला. मग ते स्थळ क्वेंट होतं असं म्हणायचं का?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि तेवढ्यात घंटा झाली. घंटेने आमची अब्रू राखली. परंतु प्रश्न काही सुटला नाही. त्या सायंकाळी आयर्विन पुलावर फिरावयास गेलो तेव्हाही तो बरोबर होताच. १९२९ सालचा हा पूल. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे त्यांस आम्ही तो 'जुन्या वळणाचा' म्हणून कौतुकाने दाखवितो. परंतु पावसाळ्यात कृष्णा चढू लागली, की सारे शहर याच पुलाची पट्टी पाहते; तेथे पाणी ४५ फुटांस लागले म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते त्याहून कितीतरी वर गेले, तेव्हा या पुलाच्या वळणाचे कौतुक करावयास कोणी उभे नव्हते. सांगलीकरांस त्या दिवसांत पूल सुंदर दिसला नाही, नुसता दिसला, आणि तेवढे पुरेसे होते.

आधी शब्दाचा हिशेब पाहू. मराठीत 'वळण' या शब्दास तीन घरे आहेत. रस्ता वळतो ते वळण. हात पुनःपुन्हा कित्ता गिरवून ज्या घाटाचे अक्षर काढू लागतो ते अक्षराचे वळण. आणि मुलाच्या वागण्यास आईबाप जे लावितात, किंवा लावावयाचे ज्यांच्याकडून राहून जाते, तेही वळणच. पहिल्या अर्थी वळण ही मागे टाकण्याची गोष्ट आहे. खंबाटकी घाटातील एक वळण गेले की गेले, पुढील वळण येते. दुसऱ्या व तिसऱ्या अर्थी मात्र ती अंगी मुरण्याची गोष्ट आहे. ज्यांनी मराठेशाहीचे मोडी कागद पाहिले असतील त्यांस चिटणीशी वळण, बिवलकरी वळण ही नावे ठाऊक असतील. ती वळणे कमवावी लागत; बोरू धरून वर्षानुवर्षे बोटे झिजवावी लागत. 'जुन्या वळणाचे अक्षर' असे कोणी म्हटले तर आजही त्यात शाबासकीच ऐकू येते. मग त्याच वळणाची माणसे म्हटल्याबरोबर मुलीच्या आईच्या कपाळास आठी का पडावी?

जुनेपणाचे माप घेण्यास मराठीपाशी दुसरेही पुष्कळ शब्द आहेत. रोग जुनाट, वैद्य जुनाजाणता, गाडी जुनीपुराणी, देऊळ जीर्ण, कुटुंब घरंदाज. यांतील प्रत्येक शब्द आपला निकाल सांगून मोकळा होतो. जुनाट रोगाचे कोणी कौतुक करीत नाही आणि जुन्याजाणत्या वैद्यास कोणी नावे ठेवीत नाही. आम्हांस यांत सर्वांत आवडणारा शब्द 'जुनेर'. लुगडे नेसून नेसून, धुऊन धुऊन विरले, म्हणजे ते जुनेर. बाजारात त्याची किंमत शून्य. परंतु बाळंतिणीच्या खोलीत पहिली मागणी त्याचीच होत असे, कारण कोऱ्या कापडाची खळ नवजात अंगास बोचते. पुढे तेच जुनेर गोधडीत जाई. जुनेराकडे पाहत, मान तिरकी करून, 'काय सुंदर!' म्हणत कोणी उभे राहिल्याचे आम्ही पाहिले नाही. ते हाताशी असे आणि उपयोगी पडे.

'जुन्या वळणाचे' हे विशेषण या मंडळीत बसत नाही. ते चांगले म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. निकालाची वेळ आली की ते हळूच उठून ओसरीवर जाते.

इंग्रजी शब्दाची कुळकथा याहून विचित्र आहे. लॅटिनमधील 'जाणलेला' अशा अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमध्ये आला व तेथून इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याचा अर्थ चतुर, जाणता, कुशल असा होता. पुढे कुशल माणसाकडून तो कुशलतेने घडविलेल्या वस्तूकडे गेला. मग नाजूक, नटवे. मग विलक्षण, चमत्कारिक. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास आजचा अर्थ चिकटला, म्हणजे जुने, किंचित विक्षिप्त, पण गोड. जो शब्द एके काळी कारागिराच्या बुद्धीस लावीत, तो आता त्याच्या टोपीस लावू लागले! हे घडले त्याच सुमारास इंग्लंडात यंत्रांचे कारखाने उभे राहत होते, आणि हातमागाच्या विणकराचे दिवस भरत आले होते. हा निव्वळ योगायोग असेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याची सत्ता गेली, ज्याचे भय उरले नाही, जे आपल्या पोटाच्या आड येत नाही, त्याच्याविषयी मनुष्यास माया फुटते. भुकेल्या वाघास कोणी गोजिरवाणा म्हणत नाही.

आमच्या विशेषणाकडे परत येऊ. ते कोण, कोणाविषयी व कोणासमोर उच्चारतो, याकडे गेले काही महिने आम्ही कान देऊन होतो. शब्दाचे तीन प्रयोग आमच्या पदरी पडले. पहिला मध्यस्थाचा. 'मंडळी जुन्या वळणाची आहेत' हे वाक्य तो मुलाकडच्यांपुढे मुलीच्या घराविषयी बोलतो तेव्हा त्याचा अर्थ मुलगी मान वर करून बोलणार नाही, असा असतो. मुलीकडच्यांपुढे बोलतो तेव्हा सुनेस नोकरी करू देणार नाहीत, असा. एकच वाक्य एका ओसरीवर शिफारस व दुसऱ्या ओसरीवर इशारा! दुसरा प्रयोग घरच्या कर्त्या पुरुषाचा, आणि तो प्रथमपुरुषी असतो: 'आम्ही पडलो जुन्या वळणाची माणसं, आमच्यात हे चालायचं नाही.' या वाक्यानंतर बोलणे खुंटते. असे का चालत नाही, हे विचारण्याची सोयच राहत नाही. कारण समोरच्याने कारण दिलेलेच नसते, आपले वळण तेवढे दाखविलेले असते, आणि वळणाशी वाद कसा घालावा? तिसरा प्रयोग आमच्यासारख्या शिकलेल्या पाहुण्याचा. तो चौकटीवरील नक्षी, तुळशीवृंदावन, पितळी घंगाळ व पाटावर वाढलेले जेवण पाहून डोळे अर्धवट मिटतो आणि म्हणतो, 'किती जुन्या वळणाचं घर आहे हो!'

वरवर पाहता इशारा, ढाल व कौतुक ही तीन निरनिराळी कामे झाली. परंतु तिहींत एक गोष्ट समान आहे. हे योग्य की अयोग्य, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी त्या विशेषणाबरोबर बाहेर ठेवला जातो, जोड्यांसारखा. मध्यस्थास तो विचारावयाचा नसतो, कर्त्यास तो विचारू द्यावयाचा नसतो, आणि पाहुण्यास तो आठवतच नाही. यांपैकी पाहुण्याचा अपराध सर्वांत सौम्य असे आम्ही बरीच वर्षे मानीत आलो. हल्ली तसे मानण्याचे धैर्य होत नाही.

सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली तेथे जन्मले, व त्यांचे 'शारदा' नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. बाप पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी एका पिकल्या म्हाताऱ्यास देऊ निघतो, ही त्याची कथा. ती ज्यांच्यावर होती असे लोक त्या काळी प्रेक्षागृहातच बसलेले असत. पदे ऐकताना त्यांच्या मनास काय झाले असेल ते असो, डोळे मिटून माना डोलावणे सोपे गेले नसावे. आज त्याच पदांची बैठक झाली, की आम्ही नेमके तेच करतो. चाली गोड, शब्द गोड, सारेच जुन्या वळणाचे. ज्या वळणावर देवलांनी घाव घातला त्याच वळणाच्या खात्यावर आम्ही त्यांस जमा करून टाकले आहे. कलेचे म्हणून त्यांत काही बिघडत नाही, हे खरे. पण शारदेचे काय?

हरिपूरचीच दुसरी गोष्ट हळदीच्या पेवांची. जमिनीखाली खणलेल्या या कोठारांत व्यापारी हळद वर्षानुवर्षे साठवीत, आणि त्या जोरावर सांगलीची पेठ उभी राहिली. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, आणि तेव्हापासून पेवांची रया गेली. पूर्वी पेव म्हणजे भांडवल होते. आता पाहुण्यांस दाखविण्याची मौज झाली आहे. या विशेषणाची स्वारी कशी येते हे येथे स्पष्ट दिसते: आधी उपयोग जातो, मागून सौंदर्य येते.

याच्या उलट उदाहरण मिरजेत आहे, आणि ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत गेल्यावर बाहेरचा मनुष्य हमखास तेच विशेषण काढतो. वाळत टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, खाली मान घालून जवारी लावीत बसलेला कारागीर, हे दृश्यच तसे आहे. परंतु ही माणसे कोण? एकोणिसाव्या शतकात हत्यारांस धार लावणारे, म्हणजे शिकलगार. तलवारीचे दिवस संपले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कसबी शिकलगारांनी मिरज संस्थानच्या आश्रयाने वाद्ये दुरुस्त करावयास व पुढे घडवावयास प्रारंभ केला. पिढ्यानपिढ्या ज्या हाताने पात्यास धार दिली, तोच हात घोडीवरील तारेचा झंकार शोधू लागला. याहून नवे वळण कोणते असावे? २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आणि एकीकडे विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याने त्यांच्या पोटावर पाय आणलेला आहे. त्या कारागिरास 'जुन्या वळणाचा' म्हणणे म्हणजे त्याने व त्याच्या पूर्वजांनी केलेला सर्व विचार पुसून टाकून त्यास भोपळ्यांच्या शेजारी टांगणे होय. इंग्रजी शब्दाचा पहिला अर्थ, जाणता आणि कुशल, तोच येथे शोभतो. त्याच्या टोपीकडे आपण पुष्कळ पाहिले; एकदा त्याच्या हाताकडेही पाहावे, आणि जमल्यास तंबोरा विकत घ्यावा.

आमचे पोट सांगलीचे असले तरी मूळ घर सातारचे. तेव्हा आता थोडे तिकडे.

सातारचा मनुष्य पाहुण्यास प्रथम राजवाड्याकडे नेतो. लाकडी खांब, प्रशस्त चौक, मागे अजिंक्यतारा. विशेषण जिभेवर आलेच म्हणून समजावे. याच राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्रात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यास इतर मुलांत बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटावर तो निराळा बसे, आणि तहान लागली तर शाळेच्या शिपायाने नळ उघडल्यावाचून पाणी मिळत नसे. खांब तेच, चौक तोच, आणि वळणही तेच.

पुढील वर्षीची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावास नोकरीवर होते. दुष्काळग्रस्तांस काम देण्यासाठी तेथे सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांस बोलाविले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून भीमराव, त्यांचा भाऊ व दोन भाचे आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. पत्र वडिलांस पोहोचले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. पोरांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. शेवटी मुलांनीच बैल हाकावे व त्याने पायी चालावे, असे ठरले. शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेत भेटले ते शेणामुताने गढूळ झालेले. रात्री टोलनाक्याच्या खोपटापाशी, गाडीवानाच्या सल्ल्यावरून आपण मुसलमान असल्याचे सांगून, नऊ वर्षांच्या मुलाने पाणी मागितले. तेही मिळाले नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी निजली.

या हकीकतीतील माणसे क्षणभर बाजूस ठेवून नुसते साहित्य पाहा: लहानसे आगगाडीचे स्टेशन, बैलगाडी, तिन्हीसांजेचा माळ, नाक्यावरील खोपट आणि त्यातला मिणमिणता दिवा. एखाद्या चित्रकाराने हे रंगविले तर आम्ही ते दिवाणखान्यात लावू, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगू, पाहा, जुन्या काळी आपल्याकडे किती निवांत होते. त्या चित्रात तहानेली मुले कोठे काढावयाची, हा प्रश्न आहे.

आमचे एक स्नेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांस आम्ही हे सर्व ऐकविले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दोन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी करता आहात. सुंदर असणं वेगळं आणि न्याय्य असणं वेगळं. वेरूळचं लेणं पाहताना पाथरवटाच्या मजुरीचा हिशोब कोणी मागत नाही. मागितला तर लेणं पाहणंच होणार नाही." हा आक्षेप सोपा नाही, आणि त्यातील निम्मा आम्ही मान्य करतो. नक्षीदार चौकट सुंदर आहे, ती कोणाच्याही घरची असो. परंतु चौकटीस आपण लाविलेले विशेषण ऐकू येत नाही, चौकटीच्या आत उभ्या असलेल्या बाईस ते ऐकू येते. दगडाविषयी बोलताना जी सवलत आहे, ती माणसांच्या राहणीविषयी बोलताना आपोआप मिळते असे आम्हांस वाटत नाही. आणि आमचे विशेषण तर बहुधा राहणीसच लागते.

पुढील आठवड्यात वर्गास आम्ही सांगितले की, आमचा प्रतिशब्द आम्ही परत घेतो. तुम्हीच नवा सुचवा. कोणी 'जुनाट-गोड' म्हणाले, कोणी 'आजीच्या काळचे'. एका विनोदी मुलाने 'फोटो काढण्याजोगे' असे सुचविले, आणि ते अगदीच वाईट नव्हते. मागल्या बाकावरच्या त्या मुलीने वहीत काहीतरी लिहून खोडले होते. वाच म्हटल्यावर म्हणाली, "नांदायचं नसेल तर गोड." वर्ग या वेळी हसला नाही. कोशात घालण्यासारखा हा प्रतिशब्द नव्हे, परीक्षेत तर नव्हेच. पण 'नांदणे' या क्रियापदाचे सर्व वजन मुलींस माहीत असते तसे आम्हां पुरुषांस नसते, एवढे त्या तासाला आमच्या ध्यानी आले.

मग जुने ते सारे टाकावे काय? असे म्हणणारा मनुष्य सातारकर नसावा. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, व १९२४ साली ती सातारास आणली. पांढरी दाढी, खादीचे जाडेभरडे कपडे, बोलणे रांगडे; पाहणारास हा मनुष्य जुन्या वळणाचाच वाटावा. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र शिजवीत व एका पंक्तीस जेवीत. अन्न उष्टे टाकू नये, पाहुण्यास उपाशी धाडू नये, अंगमेहनतीची लाज बाळगू नये, ही शिकवण काही त्यांनी विलायतेतून आणली नव्हती; ती घरोघर होतीच. त्यांनी केले ते इतकेच की, पंक्तीत कोण बसावयाचे याचा जुना नियम तेवढा मोडला, आणि उरलेले वळण सर्वांस लाविले. हे निवडणे कठीण असते. विशेषण लावून मोकळे होणे त्या मानाने फारच सोपे.

ते सोपे काम आम्हीही केले आहे. तेवढे सांगणे राहिले.

यादोगोपाळ पेठेतील आमचा वाडा गेल्या वर्षी पाडावयास दिला. सामानाची आवराआवर करताना पुतण्यास एक छायाचित्र सापडले. आमच्या आजोबांची थोरली बहीण माजघराच्या उंबऱ्याशी बसली आहे. अंगावर आलवण, पदर डोक्यावरून घेतलेला, मांडीवर वातींचा कापूस. सारे घर तिला आक्का म्हणे. अकराव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले, आणि पुढील सत्तर वर्षे तिने त्या वाड्यात काढिली. पुतण्याने ते छायाचित्र फोनवरून साऱ्या नातलगांस धाडिले व खाली लिहिले, 'जुन्या वळणाची माणसं.' आम्हीही मागे राहिलो नाही. आम्ही लिहिले, 'काय प्रसन्न चेहरा!'

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आत्यांचा पुण्याहून फोन आला. त्यांचे वय आता शहाऐंशी आहे. म्हणाल्या, "तू लिहिलेलं वाचलं रे. तुला पेढ्याचा दिवस आठवतो का?"

न आठवून कसे चालेल? महिना दीड महिन्याने एकदा आक्का आम्हां भावंडांस जवळ बोलावी, कनवटीचे नाणे काढून हातावर ठेवी, आणि सांगे, "मोती चौकात जा, कंदी पेढे घ्या, तिथंच बसून खा. आणि सावकाश या हं, धावत येऊ नका." आमच्या बालपणीच्या सुखाच्या दिवसांत तो दिवस पहिला. तिच्या उदारपणाच्या गोष्टी आम्ही आमच्या मुलांसही सांगितलेल्या आहेत.

आत्या म्हणाल्या, "त्या दिवशी परसात न्हावी यायचा. पोरांनी बघू नये म्हणून ती तुम्हांला बाहेर काढायची. माझ्या लहानपणी मलाही काढायची. मी एकदा लवकर परत आले, म्हणून मला ठाऊक."

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. आठवले ते एवढेच, की पेढ्यांची चटक लागल्यामुळे आम्ही मुले मधूनच तिच्यामागे भुणभुण लावीत असू: आक्का, पेढ्याचा दिवस कधी? ती कापूस पिंजता पिंजता हसून म्हणे, "येईल हो, येईल."

पुतण्यास आम्ही फोन करून तो मथळा काढावयास सांगितले. मुलगा समजूतदार आहे. का, म्हणून त्याने विचारले नाही. "मग काय लिहू काका? नाव लिहू का?" असे मात्र त्याने विचारले. तेव्हा आमच्या लक्षात आले की, आक्काचे नाव आम्हांस ठाऊक नाही. आत्यांस विचारले. त्याही थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, की वाड्याच्या जुन्या कागदांत कोठेतरी असेल, पेटीत पाहा. पेटी आम्ही सांगलीस आणविली आहे. तीतील बहुतेक कागद मोडीत आहेत, आणि मोडी आम्हांस वाचता येत नाही.